वैशाखातली शाल

वाजवायला बसण्याआधी गेनूमामा तोंडात रीड धरून ती भिजवत बसत. वेताची ती चपटी, पातळ पट्टी ओठांच्या कोपऱ्यातून जराशी बाहेर डोकावत असे. डोळे अर्धे मिटलेले, मांडीवर काळे क्लॅरिनेट आडवे, आणि आंब्याच्या पानांतून गळणारे ऊन त्याच्या चाव्यांवरून घरंगळत धोतरावर येऊन पडलेले. भोवती कैरीच्या चिकाचा, तापलेल्या मातीचा आणि नुकत्याच शिंपडलेल्या पाण्याचा वास. अख्ख्या दिवसात मामा गप्प बसण्याची ती एकमेव घटका होती, म्हणूनच बहुधा तिला उत्सवाच्या प्रारंभाचे गांभीर्य आले असावे. "ती पट्टी तोंडात हाय तवरच आमच्या घरात शांतता," ठकूमामी पहिल्या रांगेतून सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणत. "म्या तर म्हनते, शिवूनच टाका व्हटाला." मामा रीड न काढता भुवया उंचावत, आणि त्या भुवयांत नवऱ्याने बायकोला द्यायची सगळी उत्तरे असत.

हे गाव माझे आजोळ. नेवाशाहून प्रवरेच्या काठाने यायचे, उसाच्या दोन भिंतींमधून वाट संपली की एकदम आमराई लागते. मी केडगावात राहतो, कापडाचे दुकान चालवतो; पण वैशाखातले तीन दिवस दुकान बायकोच्या स्वाधीन करतो आणि इथल्या संगीत उत्सवाचे निवेदन करायला येतो. आवाज देवाने दिला आहे, लांबण मी स्वतः लावली आहे. गाव मला भाचा मानते, त्यामुळे माझे निवेदन मध्येच तोडण्याचा हक्क गावातल्या प्रत्येक मामा-मामीला आहे आणि तो हक्क ते उदार मनाने बजावतात. एकदा मी पावसाळ्याचे वर्णन करत करत रागाच्या नावापर्यंत पोचत होतो, तेव्हा मामांनी रीड तोंडातून काढून शांतपणे विचारले, "भाचेबुवा, पेरनी व्हईस्तवर थांबू का वाजवू आता?"

तर हा उत्सव दुपारचा. पूर्वी तो चांदण्यात भरायचा. मग नदीकाठची जमीन भिजली, ऊस आला, आणि उसाच्या मागोमाग बिबट्याही राहायला आला. त्याच्या फिरण्याच्या आणि आमच्या ऐकण्याच्या वेळा एकच असल्यामुळे गावाने समजुतीने माघार घेतली आणि बैठका भर दुपारी आणल्या. त्यामुळे आमच्याकडच्या मुलांना रात्रीचा मालकंस कशाशी खातात ते ठाऊक नाही, पण दुपारच्या सारंगाची चाल ती झोपेतही ओळखतील. ज्या प्रहरी सारा मुलूख ओसरीवर आडवा होतो, त्या प्रहरी आमचे गाव आमराईत मांडी घालून ताठ बसते, आणि त्या साऱ्या गर्दीच्या हातांत पंखे हलत असतात.

या पंख्यांबद्दल सांगितल्याशिवाय मामांबद्दल सांगता येणार नाही. शिंदीच्या पानांचे पंखे, लुगड्याच्या काठाची झालर लावलेले पंखे, बियाण्याच्या खोक्याचा फाडलेला पुठ्ठा, आणि लग्नसराई असल्यामुळे घरोघरच्या लग्नपत्रिका. मंचावरून पाहिले की वाटते, शेकडो पाखरे जमिनीवर बसून उडण्याचा सराव करत आहेत. आमच्याकडे टाळी वाजवत नाहीत, कारण एक हात कायम गुंतलेला. वाहवा म्हणत नाहीत, कारण घसा कोरडा. इथे दाद एकाच रीतीने मिळते. वाजवणाऱ्याचा स्वर मनात उतरला की ऐकणारा वारा घ्यायचे विसरतो आणि पंखा हातातल्या हातात थांबतो. आधी एक, मग शेजारचा, मग ओळच्या ओळ. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरत असतो आणि माणसाला त्याची शुद्ध नसते. 'त्यानं पंखं थांबवलं' ही आमच्या पंचक्रोशीतली सर्वोच्च पदवी, आणि ती कुठल्याही विद्यापीठाला देता येत नाही. एका वर्षी शहरातून आलेले एक गायक समोरचे हलते पंखे पाहून इतके भारावले, की दर तानेनंतर लवून नमस्कार करू लागले. जितके ते लवत तितके पंखे जोरात हलत. त्यांना खरे सांगण्याची जबाबदारी निवेदकाची असते की नाही, याविषयी माझ्या मनात आजही संदेह आहे.

गेनूमामा मात्र पंखे थांबवणारे. पेशाने ते बँडवाले. सोनईच्या बाजूला त्यांचा बँड गाजलेला; लग्नसराईत आज या गावात वरात, उद्या त्या गावात हळद. क्लॅरिनेटच्या दोन चाव्यांना त्यांनी सायकलच्या ट्यूबचे रबर बांधलेले होते आणि एका सांध्याला मेण भरलेले. पण त्याच वाद्यातून सारंग निघू लागला की उन्हालाच आपल्या उग्रपणाची लाज वाटू लागे. खर्जातून ते असे सावकाश वर येत, जणू विहिरीच्या पायऱ्यांवरून कुणी बाई भरलेली घागर घेऊन चढत आहे आणि एक थेंबही हिंदकळू द्यायचा नाही असे तिने ठरवले आहे. मग मध्येच थबकत, मान किंचित डावीकडे कलती करत, आणि वरच्या षड्जाला हात घालत. तो 'सा' लागला की लागलाच. नदीपल्याड बैल हाकणारा गडी थांबून इकडे पाहत असे, असे सांगतात. नदी आमराईपासून बरीच लांब आहे, पण मी कधी वाद घातला नाही.

मामांच्या बैठकांतली सर्वांत आवडती कोणती, असे कुणी विचारले तर मी अडखळतो, आणि मग एकाऐवजी तीन सांगतो.

एका वर्षी ते लग्नातून थेट आले. अंगात बँडचा तांबडा कोट, खांद्यावर सोनेरी झुपके, डोक्यावर तुरा असलेली टोपी. कपडे बदलायला अवधी नव्हता. तशाच वेशात ते सारंग घेऊन बसले, आणि प्रत्येक वेळी मान कलती झाली की टोपीच्या कडेत अडकलेल्या अक्षता एकेक करून खाली पडत. पिवळे तांदळाचे दाणे, स्वरांच्या मधोमध, निःशब्द. कुणा अनोळखी वधूवरांचे सारे मंगल त्या दुपारी आमच्या वाट्याला सांडत होते.

दुसऱ्या वर्षी ऐन रंगात वावटळ उठली. धुळीचा एक उंच खांब उसाच्या फडावरून फिरत फिरत आला आणि त्याने मांडवाचे कापड उचलून नेले. आम्ही सारे डोळे मिटून, पदरात आणि टोपीत तोंडे लपवून बसलो. दिसत काहीच नव्हते. त्या तांबूस अंधारात फक्त क्लॅरिनेट चालू होते, जराही न डगमगता, आणि धूळ बसली तेव्हा मामा पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसत होते. तबलजी तबल्यावर आडवा पडला होता. मामांनी तेवढ्यात रीड काढून पुसली, जिभेवरची माती थुंकली आणि म्हणाले, "सम सोडून गेला व्हय रं कुटं?"

तिसरी बैठक डीजेची. आमराईलगतच्या रस्त्याने एक वरात आली. टेम्पोवर भिंतीएवढे स्पीकर, त्यांच्या धडधडीने कैऱ्या टपाटप गळू लागल्या. या डीजेने मामांच्या बँडची निम्मी लग्ने खाल्ली होती, त्यामुळे आम्ही श्वास रोखून पाहू लागलो. मामांनी रागाने तिकडे पाहिले नाही. त्यांनी तो उडता ठेका कानाने पकडला, त्यावर सारंगाचा एक खट्याळ तुकडा बसवला, मग दुसरा. आणि मांडवातल्या माइकवरून तो रस्त्यावर पोचला तेव्हा घोड्यावरचा नवरदेव मुंडावळ्या बाजूला सारून आमच्याकडे पाहू लागला. शेवटी वऱ्हाडातल्याच कुणी म्हाताऱ्याने टेम्पोवाल्याला आवाज बंद करायला लावला आणि सारी वरात आमराईत येऊन सावलीत बसली. त्यांच्या हातात पंखे नव्हते. नवरदेवाच्या काकाने फेटा सोडून त्याच्या टोकाने वारा घेतला आणि थोड्या वेळाने तोही थांबला.

या सगळ्या बैठकांत एकच पंखा कधी थांबला नाही. तो ठकूमामींचा. पहिल्या रांगेत, निळ्या झालरीचा, घड्याळाच्या लंबकासारखा नियमित. "मला ते घरी रोज आयकावं लागतं," हे त्यांचे स्पष्टीकरण. मामा गाव जिंकून मंचावरून उतरत आणि त्या निळ्या झालरीकडे चोरून पाहत. ती हलतच असे.

मग मामांचे दात गेले. एकदम नाही, हिरड्या सुजत, एकेक दात हले आणि निरोप घेई. क्लॅरिनेटवाल्याचे वरचे दात म्हणजे त्याच्या वाद्याचा निम्मा भाग. ते वाद्याच्या चोचीवर टेकवायचे, खालचा ओठ दुमडून रीडला गादी करायची, आणि या दोहोंच्या पकडीतून फुंकर घालायची. तेव्हा कुठे स्वर येतो. मामांनी नगरला जाऊन कवळी बसवून घेतली. पांढरीशुभ्र, एकसारखी, इतकी देखणी की ते हसले की ओळखू येत नसत. ज्वारीची भाकरी तिने चावता येई, शेंगदाणेही. पण क्लॅरिनेट तोंडात धरले की ती वरच्या हिरडीवरून सटके आणि वाद्यातून असा काही चीत्कार निघे, की अंगणातली कोंबडी पिले पंखाखाली घेई. लग्नसराई आली आणि बँड मामांवाचून गेला. तांबडा कोट खुंटीला राहिला.

त्या वर्षी उत्सवाच्या आदल्या दिवशी मी गावात उतरलो, तो वेशीपाशीच घबराट. उसातून आवाज येतोय. कालपासून येतोय. कधी किंचाळल्यासारखा, कधी गुरगुरल्यासारखा, मध्येच कळवळून ओरडल्यासारखा. उत्सव समितीचे अध्यक्ष सोपानतात्या, पाठीचा कणा आणि फेट्याचा तुरा दोन्ही ताठ, हातात काठी घेऊन मंडळी जमवत होते. कुणी तेलाचे रिकामे डबे आणले होते, कुणी दिवाळीतले उरलेले फटाके. मलाही एक पत्र्याचे घमेले आणि ते बडवायला पळी मिळाली. ऊन कलले होते. आम्ही बांधाबांधाने, पाऊल न वाजवता, उसाकडे निघालो.

"पिलू असंल," तात्या कुजबुजले. "म्हंजी आई जवळच हाय."

आवाज पुन्हा आला. मग तो पुन्हा आला, जरा खालच्या पट्टीत, आणि मी जागच्या जागी थांबलो. कारण बिबट्या षड्जावरून रिषभावर गेला, तिथून मध्यमावर आणि मग पंचमावर. सारंगासारखा गंधार वगळून जाणारा बिबट्या मी आयुष्यात पाहिला नव्हता. मी काही बोलणार, एवढ्यात मागच्या कुणी फटाक्यांची माळ पेटवून उसात फेकली.

धूर विरला तेव्हा उसाच्या सरीत, पालथ्या बादलीवर, गेनूमामा बसलेले दिसले. एका हातात क्लॅरिनेट, दुसऱ्या हातात कवळी. चेहऱ्यावर भीती नव्हती, फक्त व्यत्यय आल्याची नाराजी.

"काय रं, फटाकं कशापायी? कोनाचं लगीन हाय?"

"गेनूदा, तुमी हाय व्हय," तात्यांनी काठी पाठीमागे लपवली. "आमी म्हनलं बिबट्या."

"बिबट्याला दात असत्यात, तात्या."

साऱ्या उसात हशा पिकला. मामाही हसले, आणि कवळीवाचून हसले म्हणून ते पुन्हा आमचे मामा वाटले. पण तात्या कर्तव्यदक्ष माणूस. त्यांनी तो क्षण साधून मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्या मायेने सांगितले, "आता कशाला जिवाला तरास? उद्या तुमचा सत्कार ठेवलाय आमी. शाल, नारळ, समदं. वाजवायचं न्हाई, नुस्तं बसायचं."

मामांचे हसू मावळले. सत्कार म्हणजे काय हे त्या बांधावर प्रत्येकाला ठाऊक होते. आमच्या उत्सवात शाल ज्याच्या खांद्यावर पडली, तो पुन्हा मंचावर वाजवायला बसलेला कुणी पाहिला नाही. भजनी मंडळातले थोरले गवई, सनईवाले, सगळे असेच गेले. म्हणजे जिवंत राहिले, पण शाल पांघरून. ती शाल मग लग्नकार्यात दिसे, माणूस तिच्या आत कुठेतरी असे. गाव आदराने करते हे, आणि आदरापुढे कुणाचेच काही चालत नाही.

"वैशाखात शाल," मामा म्हणाले. "भाजायचं ठरिवलंय का मला?"

गावाकडे परतताना ते माझ्या बाजूने चालू लागले. उसाची पाती दोन्हीकडून अंगाला घासत होती. बराच वेळ ते बोलले नाहीत, आणि त्यांच्या तोंडात रीड नव्हती म्हणून मला ते जास्त जाणवले. मग म्हणाले, "भाचेबुवा, येक डाव बसू द्या मला. पंखं न्हाई थांबलं तर म्या सवता म्हनंन, आना ती शाल. पन आदी वाजवल्याबिगर न्हाई."

मी म्हणालो, "मामा, माझ्या हातात नुसता माइक आहे."

"मंग त्योच वापरा की."

दुसऱ्या दिवशी आमराई ओसंडून वाहत होती. झाडांखाली गारवा असा नव्हताच. फक्त ऊन थोडे कमी रागावलेले होते. तात्यांनी मामांच्या गौरवाचे दीर्घ भाषण केले, त्यात मामांचे वाजवणे भूतकाळात गेले ते परत आलेच नाही. मग शाल आली. ती माझ्याच दुकानातली होती, म्हणून खात्रीने सांगतो, लोकर अस्सल होती. ती खांद्यावर पडताच मामांच्या कपाळावर घामाचे मोती फुटले. समोर पंखे हलत होते, आणि त्यांच्यात ती निळी झालर, नेहमीच्या लयीत. मामांनी माझ्याकडे पाहिले. मी माइक तोंडाशी नेला, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझे निवेदन एका वाक्यात संपले. मी म्हणालो, "आता गेनूमामा सत्काराला उत्तर देतील."

सत्काराला उत्तर देण्याचा रिवाज सगळीकडे असतो, त्यात तात्यांना हरकत घेण्यासारखे काही दिसले नाही. त्यांनी खुर्ची सरकवून दिली आणि मामा दोन शब्द बोलतील म्हणून स्वतः मान डोलवायला तयार झाले. मामांनी शाल खांद्यावरून उतरवली. तिची चौपदरी घडी घातली, मंचावर पसरली आणि तिच्यावर मांडी घालून बसले. मग झोळीतून क्लॅरिनेट काढले. तबलजी कुठून कसा शेजारी आला ते कुणाला कळले नाही.

पहिला स्वर फुटला आणि चीत्कारला. मागून कुणी तरी म्हणाले, "आला, बिबट्या आला." आमराई हसली, पंखे अधिकच जोरात हलू लागले, आणि तात्यांनी डोळे मिटून घेतले. मामांनी दुसऱ्यांदा फुंकर घातली. पुन्हा तेच. मग त्यांनी शांतपणे तोंडात बोटे घातली, कवळी काढली आणि ती हातात धरून पहिल्या रांगेकडे पाहिले. ठकूमामी उठल्या, फुलपात्रात पाणी घेऊन मंचावर चढल्या. कवळी पाण्यात पडली त्याचा 'टण्' असा नाद माइकवरून साऱ्या आमराईत गेला.

"आता तरी बरं वाजवा," मामी म्हणाल्या, आणि तेही माइकवरून गेले. "न्हाईतर लोकं म्हनतील, बायकूनंच पाडलं दात."

हशाचा लोट ओसरायच्या आत मामांनी दोन्ही ओठ आत दुमडले, बोळक्या हिरड्यांवर, आणि वाद्य त्या मऊ पकडीत धरले. जो स्वर आला तो आमच्यापैकी कुणी पूर्वी ऐकलेला नव्हता. त्यात जुनी धार नव्हती, जुनी चमक नव्हती. तो ओला होता, जाडसर होता, थोडासा घोगरा. पहाटे उठल्यावर माणूस पहिला शब्द बोलतो तसा. बँडचा सारा झगमगाट त्याच्यावरून उतरला होता आणि आतली माती दिसत होती. खर्जातून निघून मामा मध्यमाशी आले आणि तिथेच रेंगाळले, घाई नसलेल्या वाटसरूसारखे. रिषभावर त्यांनी इतका वेळ घालवला की तो एकच स्वर आपले अंगण असावे असे वाटू लागले. सारंगात इतकी सावली असते हे आम्हाला त्या दिवशी कळले. आजवर आम्ही त्यातले फक्त ऊन ऐकले होते.

मी पंखे पाहत होतो. मागच्या ओळीत एक लग्नपत्रिका थांबली. मग शिंदीचा एक पंखा मांडीवर टेकला. मग जणू वाराच पडला. ओळीमागून ओळ निश्चल होत आली, आणि तात्यांच्या हातातला पंखा तर हवेत अर्ध्यावर राहिला, खाली आणायचे भान त्यांना उरले नाही. मामांचा श्वास मात्र अपुरा पडत होता. दातांवाचून हवा ओठांच्या कडेने निसटत होती, मानेच्या शिरा तटतटत होत्या, घाम हनुवटीवरून टपकत होता. मामी मंचावरून खाली उतरल्याच नव्हत्या. एका हातात कवळीचे फुलपात्र धरून त्या मामांच्या मागे उभ्या होत्या, आणि त्यांचा निळ्या झालरीचा पंखा आजही हलत होता. फक्त त्याची दिशा फिरली होती. तो वारा मामांच्या मानेवर जात होता.

वरच्या षड्जाची वेळ आली. मान डावीकडे कलती झाली, निषाद लागला, आमराईने श्वास धरला. मामांनी वाद्य ओठांपासून अलगद दूर केले. डोळे वर, आंब्याच्या शेंड्यांकडे. क्षणभर काहीच वाजले नाही. तबलाही थांबलेला, पाखरेही. मग त्यांनी पुन्हा फुंकर घातली आणि ते वरून खाली उतरू लागले, जणू नुकतेच तिथे जाऊन आले होते.

त्या बैठकीला आता काही वर्षे झाली. मामा त्यानंतर मंचावर बसले नाहीत, आणि याचे त्यांना दुःख नाही, कारण ते आपल्या मर्जीने उतरले. आता ते पहिल्या रांगेत मामींच्या शेजारी बसतात, कवळी घालून, आणि तरुण वादकांना पंख्याने घाम फोडतात. शाल हिवाळ्यात वापरतात. पारावर मात्र अजून त्या दुपारची गोष्ट निघते आणि वाद होतो. वाद एवढाच, की मामांनी त्या दिवशी तो 'सा' किती वेळ धरून ठेवला होता. कुणी म्हणतो, श्वास संपेस्तोवर. तात्या सांगतात, "झाडाची पानं हालली हुती, म्या बगितली." त्या दुपारी आमराईत नसलेली पोरेही त्याचे वर्णन करतात. कुणाच्या तरी मोबाईलवर ती बैठक आहे म्हणतात, पण ती लावून पाहायची घाई आजवर कुणालाच झालेली नाही.

मी त्या दुपारी मामांपासून दोन हातांवर उभा होतो. मला ठाऊक आहे. एकदा धीर करून मी खुद्द मामांना विचारले. ते रागावले.

"लावला हुता की. तुमचंच ध्यान नसंल, भाचेबुवा."

मी मामींकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "मला इचारू नगा, म्या वारा घालत हुते."

अलीकडे माझीही खात्री डळमळू लागली आहे. दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसले, रस्ता उन्हाने पांढरा पडला, की निषादानंतरच्या त्या रिकाम्या जागेत मलाही काहीतरी ऐकू येते, लांब, स्थिर, जराही न थरथरणारे. काळाने एका माणसाच्या तोंडून जो स्वर काढून घेतला, तो त्याने नेला कुठेच नसावा. ऐकणाऱ्यांत वाटून टाकला असावा, आणि ज्याच्या त्याच्या वाट्याला तो अख्खाच आला असावा.